सुनावणीला भोपळ्याही हजर

काका आणि काकू एकाच घरात राहत होते, एकाच किटलीतला चहा पीत होते आणि एकाच गॅलरीत दोन फलक लावून बसले होते. कठड्याच्या डाव्या अंगाला काकूंचा: 'गॅस हवा, गाव जगवा.' उजव्या अंगाला काकांचा: 'गॅस नको, पाणी वाचवा.' मधल्या जागेत कपडे वाळत असत. त्यांचा पक्ष अजून ठरलेला नव्हता.

झालं होतं असं, की गावाबाहेरच्या माळाखाली, खूप खोलवर, पाटीच्या दगडासारखा खडक सापडला होता आणि त्या खडकाच्या पोटात गॅस होता. तो असा सहजासहजी वर येणारा नव्हता. खाली भोक पाडायचं, पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड जोरानं आत घुसवायची, खडकाला तडे पाडायचे, मग गॅस वर यायचा. कंपनीनं ही माहिती रंगीत चित्रांसह घरोघरी वाटली आणि त्या दिवसापासून गावाला तडे पडले. लॉजवाले, ट्रकवाले आणि रिकामी दुकानं अंगावर पडलेले घरमालक 'हवा'मध्ये गेले. दातांचे डॉक्टर, भाजीपाला पिकवणारे आणि शाळेतल्या विज्ञानाच्या बाई 'नको'मध्ये. काका जन्मभर पाणीपुरवठ्याच्या पंपावर होते. ते कुठे जाणार हे सांगायची गरजच नव्हती.

काकू मात्र 'हवा'त कशा, याचं गावाला कोडं होतं. काकू शाळेचे गणवेश शिवायच्या. राजकारण म्हटलं की त्यांना जांभई यायची. आता त्याच काकू शिलाई मशीनवर बसून पायाच्या ठेक्यावर भाषण पाठ करत होत्या.

"परदेशातून येणाऱ्या गॅसवर आपण किती दिवस अवलंबून राहायचं? स्वतःच्या पायाखाली इंधन असताना..."

"इंधन असताना काय?" काकांनी वर्तमानपत्राच्या आडून विचारलं.

"तुम्ही मध्ये बोलू नका. विसरायला होतं."

"तुझ्या भाषणात आयात आहे, स्वावलंबन आहे, झालंच तर उद्याची पिढी आहे. खरं कारण तेवढं नाही."

मशीन थांबलं. "खरं कारण तुम्हाला माहीत आहे ना? मग पुरे."

खरं कारण लांबच्या एका देशात गॅसच्या विहिरी खोदत होतं. मुलगा लहानपणी गुबगुबीत होता म्हणून त्याला भोपळ्या म्हणत. आता तो चांगला बाप्या झाला होता, खोदाईच्या यंत्रावरचा फोरमन होता, आणि गेली काही वर्षं घरी आला नव्हता. काकू दर वर्षी त्याच्यासाठी अंदाजानं एक शर्ट शिवत. तो जाडा झालाय की वाळलाय, हे फोनवर आवाजावरून ठरवत. आवाज ओढलेला वाटला की छाती थोडी कमी धरत. शर्ट कपाटात जात. इथं गॅस निघाला की इथंही यंत्रं येणार, यंत्रं आली की ती चालवणारे लागणार, हा हिशेब काकूंनी शर्टाचं कापड बेततात तसा बेतला होता. कुठे एक सूतसुद्धा वाया जात नव्हतं.

मुलानं गॅसच्या विहिरींचं काम धरलं ते काकांना पटलं नव्हतं; तेव्हापासून ते त्याचं नाव काढत नसत. पण रात्रीच्या बातम्यांनंतर जगाचं हवामान दाखवत, त्यात त्या देशाचं नाव येईपर्यंत ते टीव्ही बंद करू देत नसत. "क्रिकेटचं काय झालं बघतोय," म्हणत.

रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये सुनावणी होती. घरातून निघताना दोघांची घाई झाली. दोघांचे फोन दुकानदारानं एकाच दिवशी गळ्यात मारलेले, सारखेच काळे, एकाच टेबलावर चार्जिंगला लावलेले. फरक एकच होता. काकूंच्या फोनमध्ये मशीनचं तेल गेल्यापासून तो कानाला लावून ऐकू येत नसे, सगळं बोलणं स्पीकरवरच होई. काकांनी हाताला लागला तो फोन खिशात टाकला. तो काकूंचा होता.

हॉल खच्चून भरला होता. मंचावर सरकारी अधिकारी बाई, त्यांच्या शेजारी कंपनीचा टायवाला तरुण, आणि कोपऱ्यात ध्वनिक्षेपकाचा माणूस, ज्याला लग्नसमारंभांची सवय असल्यामुळे आवाज कमी ठेवणं म्हणजे स्वतःचा अपमान वाटे. प्रत्येकाला पाच मिनिटं मिळणार होती. लॉजवाल्यांनी त्यांतली चार गावाच्या भूतकाळावर घालवली. डॉक्टरांनी पाण्यातली रसायनं अशा चेहऱ्यानं सांगितली, की पुढच्या रांगेतल्यांनी तोंडं मिटून घेतली.

मग काका उठले. घड्याळ दिसावं म्हणून त्यांनी फोन माइकला टेकवून उभा केला, घसा साफ केला आणि म्हणाले, "बंधू-भगिनींनो, पाणी म्हणजे..."

फोन वाजला.

काकांनी चष्म्यावरून पाहिलं, फोन बंद करायला म्हणून बोट ओढलं आणि नेमका तो घेतला. लगेच हॉलच्या चारही कोपऱ्यांतून एक भरदार आवाज आला.

"आई! काय गं, भाजी काय केलीस आज?"

क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग तिसऱ्या रांगेत काकू ताडकन उभ्या राहिल्या. "अगं बाई, भोपळ्या!"

"मी इथं अंडं तळायला घेतलंय आणि ते तव्याला धरलंय. आधी तेल की आधी मीठ? आणि बाबा काय करतायत? अजून गावभर नको-नको करत हिंडतायत का?"

हॉल हसला. काका लाल झाले. ते पडद्यावर बोटं मारू लागले, पण घामेजलेल्या बोटांना फोन दाद देईना. ध्वनिक्षेपकाचा माणूस मदतीला धावला आणि सवयीनं त्यानं आवाज आणखी वाढवला.

"त्यांना सांगू नकोस हं," भोपळ्या म्हणाला, "पण त्यांच्या पंपाच्या पाण्याची चव इथं नाही. नळाचं तोंडात धरवत नाही, बाटलीतलंच पितो."

'नको'वाल्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. डॉक्टर तर उभेच राहिले.

"आई, हा कसला आवाज? पाऊस पडतोय का?"

"भोपळ्या, फोन ठेव!" काकू ओरडल्या.

"ठेवू नकोस!" डॉक्टर ओरडले. "बाई, हा प्रत्यक्ष साक्षीदार आहे. याची साक्ष नोंदवून घ्या!"

"हरकत आहे!" लॉजवाले म्हणाले. "घ्यायचीच तर दोन्ही बाजूंची घ्या. अरे भोपळ्या, मी लॉजवाले काका. पगार बरा आहे ना रे तिकडे?"

"काका, तुम्ही आमच्या घरी काय करताय?" भोपळ्या गोंधळला. "पगार झकास आहे. खर्च करायला फुरसत नाही, एवढीच तक्रार."

आता 'हवा'वाल्यांनी टाळ्या वाजवल्या. टायवाल्यानं पहिल्यांदाच स्मित केलं. अधिकारी बाईंनी टेबलावर हात आपटला, सगळ्यांना खाली बसवलं आणि भोपळ्याला समजावून सांगितलं, की तो सध्या सुमारे तीनशे माणसांशी बोलतो आहे.

बराच वेळ नुसता तव्याचा चुरचुराट ऐकू आला.

"बाप रे," भोपळ्या म्हणाला. "गॅस बंद करतो हं जरा."

प्रश्नांची झुंबड उडाली. "पाणी खराब झालं ते गॅसमुळेच ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते कसं सांगू? कंपनीचा तज्ज्ञ म्हणतो, पाणी आधीपासूनच असं होतं. गावकऱ्यांचा तज्ज्ञ म्हणतो, कंपनीनंच घालवलं. कोर्टात चाललंय. तोवर बाटलीवाल्याचं बरं चाललंय."

"जमीन हादरते म्हणतात, ते खरं का?" विज्ञानाच्या बाईंनी विचारलं.

"कधीकधी पलंग हलतो. पण माझ्या पलंगाचा एक पाय आखूड आहे, त्यामुळे नक्की सांगता येत नाही."

"गावाची भरभराट झाली की नाही, तेवढं सांग!" लॉजवाले म्हणाले.

"झाली ना. खोदाई चालू होती तोवर लॉजमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ती संपली तसे आम्ही पुढच्या गावाला गेलो. त्या लॉजवाल्याचा अजून फोन येतो, परत कधी येताय म्हणून."

लॉजवाले हळूच खाली बसले.

तेवढ्यात काकू रांगेतून वाट काढत मंचावर आल्या होत्या. काकांनी त्यांना माइक दिला, म्हणजे स्वतः बाजूला झाले. काकूंना पाठ केलेल्या भाषणातला एक शब्द आठवेना. पदराशी चाळा करत त्या म्हणाल्या, "मला एक नागरिक म्हणून विचारायचंय. इथं विहिरी खोदल्या, तर स्थानिक लोकांना काम मिळेल. पण जे स्थानिक लोक बाहेर गेलेत... म्हणजे समजा कोणी गेलं असेल... त्यांना परत बोलावतील का?"

काकांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"आई," भोपळ्या हळू म्हणाला, पण हळू बोललेलंही सगळीकडे घुमत होतं. "आमची टोळी एका जागी राहत नाही गं. तिकडे पाठवलं तरी काही महिनेच. भोकं पाडून झाली की यंत्र उचलायचं आणि चालू पडायचं."

"काही महिने तर काही महिने," काकू म्हणाल्या. "ते काय कमी झाले?"

"तेही साइटवरच राहायचं. इथं माझ्याबरोबर याच भागातला एक पोरगा आहे. त्याचं घर यंत्रावरून दिसतं. संध्याकाळी त्याची आई दिवा लावते, तो मला बोट करून दाखवतो. तेवढंच."

काकूंनी मान हलवली. फोनवरच्या माणसाला मान हललेली दिसत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. काकांनी गुपचूप माइकजवळचा फोन उचलला, बंद झाला असं समजून खिशात टाकला आणि काकूंना खाली जागेवर घेऊन गेले. स्वतःचं भाषण त्यांनी केलंच नाही.

शेवटी अधिकारी बाईंनी हात वर करायला सांगितलं. "ज्यांना प्रकल्प हवा आहे, त्यांनी."

काकूंनी आपला हात मांडीवर घट्ट दाबून ठेवला. त्यांच्या डोळ्यांपुढे कपाटातले शर्ट नव्हते. ते यंत्रावरचं परकं पोर होतं आणि त्याची दिवा लावणारी आई होती. गावातल्या आणखी दहा जणींना आपण मुलाच्या वाटेवर असाच दिवा लावायला बसवणार होतो, असं त्यांना वाटलं. शेजारी हालचाल झाली म्हणून त्यांनी पाहिलं, तर काकांचा हात सरळ वर गेलेला.

"अहो! हे काय?" त्या कुजबुजल्या. "हे 'हवा'चं चाललंय!"

"कळतंय मला. काही महिने तर काही महिने, म्हणालीस ना?"

"आता ज्यांना नको, त्यांनी," बाई म्हणाल्या, आणि काकूंचा हात वर गेला.

काकांनी कपाळाला हात लावला. डॉक्टर आणि लॉजवाले एकमेकांकडे बघत राहिले. मोजदाद झाली तेव्हा दोन्हीकडे माणसं जवळपास सारखीच होती. अधिकारी बाईंनी सगळ्यांचे आभार मानले आणि सांगितलं, की हात वर करण्याला कायद्यानं काही अर्थ नाही, लोकांचा कल बघायचा होता एवढंच. निर्णय वरून येईल.

शाळेच्या पायऱ्यांवर गर्दी पांगत होती. काका आणि काकू कठड्याला टेकून उभे होते. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच दोघांना भांडायला काही सुचत नव्हतं, कारण कोण कुठल्या बाजूला आहे हेच नीट कळत नव्हतं.

"माझं मत फुकट घालवलंत," काकू म्हणाल्या.

"आणि तू माझं."

"बाबा?" काकांचा खिसा म्हणाला.

काकांनी दचकून फोन काढला. तो चालूच होता.

"मी कधीचा ऐकतोय. तुम्ही 'हवा' म्हणालात?"

"हॅ," काका म्हणाले. "खांदा आखडला होता. झटकला."

मग भोपळ्या म्हणाला, "मला सुट्टी केव्हाच मिळाली असती, बाबा. मीच मागितली नाही. तुमच्या त्या 'नको'मध्ये पहिल्यापासून मीही येतो, असं धरून चाललो होतो."

काकूंनी तोंडावर हात ठेवला. काकांनी फोन कानाला लावला. तसं करून त्या फोनमधून काही ऐकू येत नाही आणि स्पीकरवरचं सगळ्या रस्त्याला ऐकू जातं, हे दोन्ही विसरून त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"गाढवा," ते म्हणाले. "ये की रे."

"येतो. आठवडाभरात निघतो. स्टेशनवरून कसं यायचं तेवढं बघतो."

"बघायचं काय त्यात? माझी गाडी पाठवतो!" मागून लॉजवाले म्हणाले. ते तिथंच उभं राहून सगळं ऐकत होते.

"तुमची गाडी धूर सोडते. आमची जाईल," डॉक्टर पुढे झाले. "साक्षीदार आमचा आहे."

"तुमचा कसा? पगार झकास आहे, हे कोणाला सांगितलं त्यानं?"

"आणि बाटलीतलं पाणी?"

पायऱ्यांवरची माणसं थबकली, दोघांच्या मागे जमू लागली. कोणीतरी हात वर करून मत घ्यायची सूचना केली. काका-काकू तोवर फाटकाबाहेर पडले होते. फोन दोघांच्या मधे धरून, हळूहळू चालत, काकू आपल्या मुलाला अंडं तव्याला का धरतं ते समजावून सांगत होत्या, आणि काका दर दोन वाक्यांमागे त्यांचं चुकतंय म्हणत होते.