काटेरीची हकालपट्टी

"पलीकडचा कितीही ओरडो, आपला आवाज चढवायचा नाही!"

टेलिफोन ऑफिसातल्या सुपरवायझर बाईंचे ते शब्द तिच्या कानात अजून ताजे होते. नोकरी संपली, कानावरचा हेडफोन उतरला, पण ती शिस्त ती 'कुंडीतली बाग' या ऑनलाइन गटात घेऊन आली. हजारो माणसं, हजारो कुंड्या, आणि या सगळ्यांची राखण करणारी बिनपगारी मॉडरेटर म्हणजे ती. सगळ्यांची लाडकी माळीणबाई!

"माझ्या गटात भांडण चहा उकळेपर्यंतसुद्धा टिकत नाही!" ती ऐटीत सांगायची.

"फुकटची चाकरी!" पेपराआडून नवरा. उभा जन्म ट्रक चालवलेला माणूस. कौतुक करायची वेळ आली की त्याच्या जिभेला करकचून ब्रेक लागे.

त्या सकाळी गुलाबाच्या छाटणीवरून गटात दोघं हमरीतुमरीवर आले. तिने दोघांच्याही शिव्या पुसून टाकल्या. त्यातला एक उसळला, "माळीणबाई पक्षपाती आहेत!"

झालं! 'काटेरी' नावाच्या सभासदाने मध्येच उडी घेतली. "बाईंना बोलतोस? पंक्चर डोक्याच्या! तुझ्या कुंडीत निवडुंगसुद्धा जीव देईल!"

माळीणबाईंना आतून गुदगुल्या झाल्या. पण नियम तो नियम. "काटेरी, ताकीद देतेय. माणसावर घसरायचं नाही."

"ताकीद मान्य, बाई! पण हा माणूस दुधी भोपळाच आहे!"

आणि बाईंचा सल्ला किती अचूक असतो हे दाखवायला काटेरीने आपल्या फुललेल्या गुलाबाचा फोटोच टाकला. कुंडीशेजारी निळी बादली, तारेने बांधलेल्या कानाची.

"अरेच्चा! ही बादली तर माळीणबाईंच्या प्रत्येक फोटोत असते!" कुणीतरी ओरडलं. "काटेरी म्हणजे बाईच! खोट्या नावाने स्वतःचाच ढोल बडवतात!"

गटात मधमाश्यांचं मोहोळ उठलं! गटप्रमुख ताईंचा फोन आला. "बाई, दुपारपर्यंत खुलासा द्या. नाहीतर तुम्हाला पद सोडावं लागेल."

ती तरातरा बाल्कनीत गेली. बादली तिथेच होती, गुलाबही तिथेच. आणि गुलाबामागे उकिडवा बसून, जीभ बाहेर काढून, एका बोटाने टाइप करणारा नवरा!

"अहो! काटेरी तुम्ही?"

"तो भोपळा तुला वाटेल ते बोलत होता!"

"म्हणून माझं पद घालवताय? लिहा आधी खरं काय ते!"

त्याने मुकाट्याने लिहिलं, "मी बाईंचा नवरा. बादली सामाईक. जीभ माझी एकट्याची."

गट खदखदून हसला. पाठोपाठ तिची सूचना झळकली, "काटेरी यांची महिनाभर हकालपट्टी!"

"नवऱ्यालासुद्धा?" तो कळवळला.

"नवऱ्याला आधी!"

ताईंनी जाहीर केलं, "घरच्यालाही न सोडणारी मॉडरेटर आम्हाला दुसरी मिळायची नाही. पद बाईंचंच!" तिची मान अशी ताठ झाली, जणू नवीन पालवीच फुटली!

नवरा हातातल्या फोनकडे बघत राहिला. लिहायची वाट आता बंद. त्याने दोनदा घसा खाकरला.

"रोज वाचतो मी तुझा गट. कुणी कसंही बोललं तरी तू कुणाला टाकून बोलत नाहीस. मला नसतं जमलं."

"बंदी उठवायला बोलताय ना?"

"नाही गं. बंदी राहू दे," तो गुलाबाकडे बघत म्हणाला. "अभिमान वाटतो तुझा. तोंडाने सांगायचं राहूनच गेलं होतं."