टिटवीची अंडी आणि बिळातला पारा

एका जंगलात, बाळांनो, झाडं फारशी उरली नव्हती. तरी त्याला जंगलच म्हणायचे, कारण वाघमहाराजांच्या कागदपत्रांत तसं लिहिलं होतं.

या जंगलात एक टिटवी राहायची. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या माळावर थोडे खडे सारखे करते आणि तिथेच अंडी घालते. तिची रीतच तशी. घर परवडत नाही म्हणून उघड्यावर राहणारे बाकीचे प्राणी वेगळे. ते तिच्या आजूबाजूलाच होते.

वैशाख आला. माळ तापला. टिटवीची चार अंडी होती आणि आतून बारीक टकटक ऐकू यायला लागली होती.

अंड्यांना ऊब लागते, हे तुम्हाला शाळेत शिकवतात. वैशाखात त्यांना गारवा लागतो, हे टिटवीला तिच्या आईने शिकवलं होतं. पाणवठ्यावर जायचं, पोटाची पिसं भिजवायची, धावत यायचं आणि ओलं पोट अंड्यांवर टेकवायचं. दिवसभर. ती पाण्याला गेली की तिचा नवरा टिटवा पंख पसरून अंड्यांवर सावली धरायचा.

पाणवठ्याचं कंत्राट बेडूकशेठकडे होतं. त्या दिवशी टिटवीने नेहमीसारखे दोन किडे पुढे केले.

"तीन," शेठ म्हणाले.

"काल तर दोन होते!"

"काल कालचं ऊन होतं, ताई. भाव वरूनच वाढून येतो, मी काय करणार?"

"वरून? पाणी तर खालच्या झऱ्यातून येतं."

"पाणी खालून येतं, भाव वरून येतो. व्हा बाजूला, मागे रांग आहे."

टिटवीने तिसरा किडा दिला. तो टिटव्याच्या जेवणाचा होता.

"असू दे," टिटवा म्हणाला. "उन्हात मला भूकच नसते."

"परवा पण हेच म्हणालात."

"बरं, ते सोड. महाराजांचा नियम आहे ना? पारा चाळिसाच्या वर गेला की अंडी असलेल्या आईला पाणी फुकट. जा, हवामान कचेरीतून दाखला आण."

हवामान अधिकारी होते साळिंदरसाहेब. कचेरी त्यांच्या बिळात. बीळ खोल, काळोखं आणि छान गार. पाठीवरच्या प्रत्येक काट्याला एकेक कागद टोचलेला. त्यांच्या डोक्यावर पाऱ्याची नळी टांगलेली होती.

"साहेब, पारा किती?"

"अठ्ठावीस. हवा आल्हाददायक."

"अहो, माळावर पाय भाजतायत!"

"मग खाली कशाला ठेवता? पक्षी ना तुम्ही?"

"पण नळी इथे बिळात टांगलीय. ती बाहेर न्या की."

"सरकारी यंत्र आहे ते, बाई. उन्हात खराब होईल."

"मग तुम्ही तरी बाहेर या. एकदा बघा."

साहेबांनी बिळाच्या तोंडाशी नाक नेलं आणि चटकन मागे ओढलं. "छे, छे! एवढ्या उन्हात कोण बाहेर पडेल?"

"म्हणजे ऊन आहे ना?"

"आहे असं मी म्हटलं. नोंदीत नाही."

टिटवी रिकाम्या चोचीने परत आली. टिटवा अजून पंख पसरून उभा होता. पंख थरथरत होते. त्याच्याबरोबर त्याची सावलीही रोडावली होती आणि चौथं अंडं तिच्यात मावत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दर चार किडे झाला, तिसऱ्या दिवशी पाच. दिवसभर धावून टिटवीला दोनच डुबक्या परवडल्या. संध्याकाळी तिने चारही अंड्यांना कान लावला. मग टिटव्याने लावला. आतली टकटक थांबली होती.

माळावरच्या पक्ष्यांनी एवढा कलकलाट केला की महाराजांनी चौकशी लावली. चौकशीला साळिंदरसाहेब स्वतः आले. उजाडता उजाडता आले, वारा गार असताना. त्यांनी अंडी हलवून पाहिली आणि अहवाल मोठ्याने वाचला. तो त्यांनी बिळातूनच लिहून आणला होता.

"नोंदीनुसार महिनाभर हवा गार होती. सबब अंडी थंडीने दगावली. आईने ऊब तर दिली नाहीच, उलट वारंवार ओलं पोट टेकवलं. तिला अंडी भिजवताना खुद्द बेडूकशेठनी पाहिलं आहे."

टिटवा पुढे आला. "साहेब, थोडा वेळ थांबा. सूर्य वर येऊ द्या. मग हेच परत वाचा."

साहेबांनी पूर्वेकडे पाहिलं, काटे आवरले आणि घाईघाईने निघून गेले.

अहवाल वाचून महाराजांना गहिवरून आलं. थंडीने पुन्हा एकही अंडं जाऊ नये म्हणून त्यांनी माळावरच्या प्रत्येक आईला मोफत घोंगडी जाहीर केली. वाटप भर दुपारी झालं. पहिली घोंगडी टिटवीला मिळाली. टाळ्या वाजल्या.

टिटवीने ती चार अंड्यांवर पांघरली आणि स्वतः बाजूला उन्हात उभी राहिली.

कचेरीत नोंद झाली: लाभार्थी समाधानी. थंडीची थरथर थांबली.

तात्पर्य: बाळांनो, ज्याला ऊन लागतं त्याने ते मोजू नये, आणि जो मोजतो त्याने उन्हात जाऊ नये. दोघांनी आपापली जागा सोडली, तर जंगलात उगाच उकाडा वाढतो.