आठ घंटे करंट

दही लावण्यात माझं काही काम नव्हतं, हे मी सुरुवातीलाच कबूल करतो. घरात बायको होती, आई होती, आणि त्या दोघी असताना दह्याला कारकुनाची गरज कधी पडली नव्हती. पण माझा मेहुणा शेषेराव मस्कतहून रजेवर मुदखेडला आला आणि येताना बहिणीसाठी विजेवर चालणारं दह्याचं मशीन घेऊन आला. पांढरी पेटी, आत काचेच्या सात बाटल्या, प्रत्येकीला लाल झाकण आणि समोर एक छोटा दिवा. तो दिवा पाहिला आणि माझ्या मनानं घेतलं, की दही हा आता बायकांचा विषय राहिला नाही.

(लातूर वेगळा जिल्हा होऊन तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. सगळंच नवं पाहिजे अशी गावात हवा होती. नवी कचेरी, नवे शिक्के, नवे साहेब. पाणी तेवढं नव्हतं. मी टंचाई शाखेत होतो. अख्ख्या जिल्ह्यात कुठला टँकर कुठं गेला हे माझ्या रजिस्टरात असायचं आणि आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी यायचा.)

आता विरजणाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच आलं. आमची आई, धुरपताबाई, मुरुडची. आदल्या उन्हाळ्यात चारा संपला, म्हैस विकावी लागली आणि मी आईला लातूरला बोलावून घेतलं. म्हैस नेताना ती रडली नाही. पण एस्टीत येताना ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक चिनी मातीची बरणी मांडीवर धरून बसली होती, तिला तिनं कंडक्टरलासुद्धा हात लावू दिला नाही. बरणीत विरजण होतं. आईच्या सासूपासून चालत आलेलं, आणि त्या म्हशीच्या, तिच्या आईच्या, आजीच्या दुधावर पोसलेलं. म्हैस गेली होती, तिचं एवढंच घरात उरलं होतं. (मी स्टँडवर घ्यायला जाणार होतो. टँकरच्या गडबडीत दोन तास उशीर झाला आणि आई तेवढा वेळ स्टँडसमोरच्या ग्यानोबाच्या हॉटेलात बाकड्यावर बसून राहिली. ते तिनं अजून माफ केलेलं नाही.)

त्या विरजणाचा तोरा मात्र सगळा मी मिरवला. दुपारी कचेरीतले लोक ग्यानोबाच्या हॉटेलातून दही मागवायचे. मी माझा डबा उघडून सांगायचो, ''हॉटेलच्या दह्याला खानदान नसतं.'' ग्यानोबा स्वतः वाट्या घेऊन समोर उभा असला तरी सांगायचो. तो गरीब माणूस. हसून आत जायचा.

मशीनबरोबर माहितीचा कागद होता, पण तो अरबीत. आमच्या गल्लीत गुरुपादप्पा राहायचे, निजामाच्या काळातले कोर्टातले पेशकार. शिक्षण उर्दूत झालेलं, त्यामुळे उजवीकडून डावीकडं लिहिलेलं जगातलं काहीही आपल्याला वाचता येतं याबद्दल त्यांना शंका नव्हती. चष्मा पुसून त्यांनी कागदाकडं दहा मिनिटं पाहिलं.

''जुबान जरा वेगळी हाय,'' ते म्हणाले. ''पर मजकूर साफ हाय. ह्यो बघा आठचा आकडा.''

''आठ म्हणजे?''

''आठ घंटे करंट द्या, असं फर्मान हाय.''

''आणि बाकीचं काय लिहिलंय?''

''बाकी काय, समदं तेच हाय. तपशील.''

एका आकड्यावर अख्खा कागद उलगडून सांगणारा माणूस मला पटतो. आमची शाखाही अशीच चालते.

त्या सोमवारी आई माझ्या बहिणीकडं औशाला गेली. गुरुवारी दुपारच्या गाडीनं परत येणार होती. जाताना माझ्या बायकोला, सिंधूला, चार वेळा बजावून गेली, ''बरणी जप गं माय. रोज चमचाभर लाव, चमचाभर मागं ठेव.'' मला काही बजावलं नाही. (तेव्हा मला याचा राग आला होता.)

ती गेल्यावर मी कामाला लागलो. दूध मीच तापवलं, मीच कोमट केलं, सात बाटल्यांत ओतलं. सात बाटल्यांना सात चमचे विरजण. शेवटच्या बाटलीसाठी बरणी निपटावी लागली.

''अहो, थोडं मागं ठेवा की,'' सिंधू म्हणाली.

''उद्या सात बाटल्या दही असेल. त्यात विरजणच विरजण. मागं कशाला ठेवायचं?''

''आत्याबाई ठेवा म्हणल्यात.''

''आईच्या काळात मशीन नव्हतं.''

ती पदरानं हात पुसत माझ्याकडं नुसतं पाहत राहिली. लग्नाला बारा वर्षं झाली, त्या पाहण्याचा अर्थ मला आता कळतो, पण नेहमी काम झाल्यावर कळतो.

मी बटण दाबलं, दिवा लागला. दोन तास वीस मिनिटांनी लाइट गेली. आता लक्षात घ्या, मी टंचाई शाखेचा माणूस. आमच्याकडं टँकर रस्त्यात पंक्चर झाला तर पंक्चरचा वेळ धरत नाहीत, चाक फिरलं तेवढंच धरतात. मी पाठकोऱ्या कागदावर रकाने आखले. लाइट आली, लाइट गेली, एकूण चालू. पहिल्या ओळीत लिहिलं, दोन तास वीस मिनिटं. शिल्लक, पाच तास चाळीस मिनिटं.

संध्याकाळी सिंधूनं एक झाकण उघडून पाहिलं. ''लागलंय की दही. काढून घ्या.''

''आठ तास कुठं झालेत?''

''सकाळपास्नं ठेवलंय!''

''लाइट असतानाचे तास धरायचे. बाकीचा वेळ मशीन बंदच होतं ना?''

''मशीन बंद होतं. दही बंद होतं का?''

मी तिला कागदावरचे रकाने दाखवले. रकान्यांपुढं बोलणारी माणसं मी कचेरीतसुद्धा फारशी पाहिलेली नाहीत. ती स्वयंपाकघरात निघून गेली आणि पातेली जरा जोरात मांडू लागली.

मंगळवारी लाइट एक तास पन्नास मिनिटं होती. बुधवारी दोन तास पाच. मे महिना, पत्र्याचं घर. बुधवारी दुपारी पेटीतून फसफस आवाज यायला लागला तेव्हा मी सिंधूला म्हणालो, ''मशीन कामाला लागलं बघ.'' संध्याकाळी शेजारच्या घरातून विचारणा झाली, की तुमच्याकडं उंदीर मेलाय का. गुरुपादप्पा येऊन दारातूनच परत गेले. जाताना ''तपशिलात कायतरी राहिलं असंल,'' एवढं बोलले.

गुरुवारी सकाळी साडेनऊला माझे आठ तास पूर्ण झाले. मी कागदाखाली सही केली आणि पेटी उघडली. दोन झाकणं आपोआप उडाली. आत दही नव्हतं. खाली हिरवट पाणी होतं, वर पिवळा गोळा होता, आणि त्या गोळ्यावर लोकरीसारखी बुरशी चढली होती. सातही बाटल्या सारख्याच. एकीतही चमचाभर धड नव्हतं.

तेव्हा कुठं मला ती रिकामी बरणी दिसली. म्हैस नेली त्या दिवशी आई गोठ्यात जाऊन नुसती दावं गुंडाळत बसली होती. तिचं तेवढंच काय ते राहिलं होतं, आणि ते मी रकाने आखून मारलं होतं.

''आता?'' मी विचारलं.

''आता काय? आधी बाटल्या धुवा. आत्याबाई दुपारी येतील.''

''पाणी दे.''

''पाणी परवा हाय. एक घागर उरलीय, ती प्यायची.''

जिल्हाभर टँकर धाडणारा मी, सात बाटल्या विसळायला तांब्याभर पाणी नव्हतं. शेवटी ते मशीन तसंच पोत्यात घालून पत्र्यावर ठेवलं. वास मात्र खालीच राहिला.

मग मी बरणी घेऊन ग्यानोबाच्या हॉटेलात गेलो. गल्ल्यासमोर उभं राहून हळूच म्हणालो, ''थोडं दही हवं होतं. विरजणाला.''

ग्यानोबानं बरणी ओळखली असावी. तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. ''खानदान न्हाई सायेब आमच्यात. चालंल का?''

''चालेल.''

''काय म्हणलाव?''

''चालेल म्हणालो,'' मी जरा मोठ्यानं म्हणालो. बाकड्यावर बसलेली माझी अर्धी शाखा चहा खाली ठेवून ऐकत होती.

आई दुपारी आली. उंबऱ्यातच थांबली, नाक वर केलं. पाय धुवायला पाणी मागितलं नाही. (दुष्काळात तिनं ते सोडलं होतं.) सरळ बरणीकडं गेली, बोटाला दही लावून जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. सिंधू चुलीकडं तोंड करून उभी.

''हाव,'' आई म्हणाली. ''आपलंच हाय.''

आयुष्यात एवढं हलकं मला बढतीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

''पर ग्यानोबाकडनं कामून आणलंस, भुजंगा?''

मी सिंधूकडं पाहिलं. तिनं मान हलवली, मी नाही सांगितलं म्हणून.

आई भिंतीला टेकून बसली. ''मी आले त्या दिशी तू दोन तास आला न्हाईस. त्या हाटेलात बसून राहिले. त्येचं दही नासलं होतं, दूध घेऊन नुसता बसला होता बिचारा. म्या बरणीतलं चमचाभर दिलं. तवापास्नं त्येच्याकडं आपलंच विरजण हाय. येता-जाता चाखून बघते मी. चांगलं ठेवलंय त्येनं. दूध तेवढं पातळ घालतंय, ते जिभेला कळतंय.''

म्हणजे ज्या दह्याला खानदान नाही असं मी वर्षभर सगळ्या कचेरीला सांगत होतो, ते दही माझ्याच आजीचं होतं.

''वास कशाचा हाय?'' आईनं विचारलं.

मी पत्र्यावरून पोतं उतरवलं. आईनं सात बाटल्या पाहिल्या, रकान्यांचा कागदही पाहिला. तिला वाचता येत नाही, पण खालची माझी सही ती ओळखते. मग बरणी उचलून तिनं माझ्या हातात दिली.

''ही ग्यानोबाकडं ठेवून ये. तिथं सुखरूप ऱ्हाईल. घरात तू हायस.''

तेव्हापासून आमचं विरजण हॉटेलात असतं. एक दिवसाआड सिंधू चमचाभर आणवते, आणि तेही मी आंघोळीला गेलो की लावून टाकते. कचेरीत मी आता सगळ्यांबरोबर ग्यानोबाची वाटी घेतो. कुणी ना कुणी विचारतंच, ''काय भुजंगराव, खानदानाचं काय झालं?'' मी प्रामाणिकपणे सांगतो, की हे आमच्याच घरचं दही आहे. सगळे हसतात. ग्यानोबाही हसतो आणि मला चमचाभर साखर जास्त घालतो.