शिखरवीराचं केळवण

मुलांनो, एका जंगलात सोपान राहत होता. सोपान म्हणजे उदमांजर. अंगाने सडपातळ, शेपटीने लांब आणि स्वभावाने इतका मऊ, की कुणाला नाही म्हणायची वेळ आली की त्याच्या पोटात गोळा यायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जंगलाच्या उत्तरेला आभाळकडा नावाचा डोंगर होता. माथ्यावर पोचलंच कुणी, तर श्वास घ्यायला हवा शोधावी लागेल इतका उंच. काही वर्षांपूर्वी वणवा लागला, तेव्हा सोपानची अक्का, म्हणजे थोरली बहीण, जीव वाचवायला खिंडीतून पलीकडच्या जंगलात पळाली. मागाहून दरड कोसळली आणि खिंड बुजली. अक्का तिकडे, सोपान इकडे. आई गेल्यावर अक्कानेच त्याला तोंडात धरून या झाडावरून त्या झाडावर नेत वाढवला होता.

कड्यावरून ये-जा करायची ती फक्त एक घार. सगळे तिला घारमावशी म्हणत. ती रोज सकाळी पलीकडे जायची आणि दुपारी परत यायची. पण याला कुणी मोहीम म्हणत नसे. तिला जन्मतःच पंख होते, त्यात काय कौतुक, असं जंगलाचं मत होतं.

एके दिवशी घारमावशी सोपानच्या फांदीवर येऊन बसली.

"सोपाना, अक्का फार थकली रे," ती म्हणाली. "सोपान एकदा डोळ्यांना दिसेल का, एवढंच विचारते. मला नाही वाटत ती पुढच्या वर्षीचा कार्तिक बघेल. मला तुला उचलता आलं असतं, तर कधीच नेलं असतं."

सोपान हुंदके देऊन रडला. मग नाक पुसून तडक साळिंदर वस्तादाकडे गेला.

वस्तादाकडे एक पॅरामोटर होतं. ते जंगलात कुठून आलं, असं विचारू नका. जंगलात टाय घातलेला ससा चालतो तुम्हाला, मग हेही चालवून घ्या. पाठीवर बांधायचं इंजिन, त्याला भलामोठा पंखा, आणि दोऱ्यांनी जोडलेलं लांबरुंद कापड. पंखा सुरू करायचा, पळत सुटायचं, कापड डोक्यावर फुगलं की आपणही वर जायचं. वस्ताद स्वतः उडत नसे, कारण अंगावर काटे आणि डोक्यावर कापड हे जमण्यासारखं नव्हतं.

वस्तादाने झाडावर एक आडवा दांडा टांगला. एका टोकाला धोंडा बांधला, दुसऱ्या टोकाला सोपानला लटकवलं. धोंडा खाली गेला, सोपान वर.

"हे बघ," वस्ताद म्हणाला, "वरती हवा विरळ. तिथं इंजिनाचा दम जातो, कापडाचा जोर जातो. धोंडा खाली आणि तू वर, असं आहे तोवर तू कडा ओलांडशील. तू खाली आलास तर विसर. आणि कार्तिकातले पहिले वीस दिवसच हवा शांत असते. पुढे वर्षभर नुसता वारा नि धुकं. रोज पहाटे सराव आणि पोटाला बेताचं."

"वस्ताद, आजपासून एक बोर जास्त खाणार नाही," सोपान म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला हो.

कार्तिक लागला. सोपान रोज पहाटे माळावर पळायचा, पडायचा, पुन्हा पळायचा. सहाव्या दिवशी तो जांभळीच्या शेंड्यावरून उडाला आणि अलगद उतरला. वस्तादाला इतका आनंद झाला की त्याने सोपानला मिठीच मारली. सोपान दोन ठिकाणी टोचला, पण हसला.

"परवा पहाटे निघायचं," वस्ताद म्हणाला.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं, कारण अजून कुणाला काही कळलं नव्हतं. पण त्या दिवशी नेमकं टिटवीबाईंनी पाहिलं. आणि टिटवीबाईंनी पाहिलं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

संध्याकाळपर्यंत समिती स्थापन झाली. अध्यक्ष अप्पासाहेब गवे. हे रानगवे जंगलातल्या अकरा समित्यांचे अध्यक्ष होतेच, ही बारावी. टिटवीबाई सरचिटणीस. समितीचं नाव 'आभाळकडा मोहीम सन्मान समिती'.

"मोहिमेच्या तयारीत काय काय येतं?" अप्पासाहेबांनी विचारलं.

"सराव, इंधन, प्राणवायूचं नळकांडं, हवेचा अंदाज," वस्ताद म्हणाला.

"ते होईलच हो. मी तयारीचं विचारतोय. हार कोण आणणार? मांडव कुठे घालायचा?"

दुसऱ्या दिवशी वडाला एक प्रचंड फलक लागला. त्यावर अप्पासाहेब हसत होते. अप्पासाहेबांच्या शिंगाखाली टिटवीबाई हसत होत्या. सोपानची शेपटी कोपऱ्यात दिसत होती, बाकीचा सोपान जागेअभावी कापावा लागला. खाली लिहिलं होतं, 'शिखरवीर सोपानजी यांना हार्दिक शुभेच्छा'.

"पण मी अजून शिखरावर गेलोच नाही," सोपान लाजून म्हणाला.

"जाणारच ना? मग आत्ताच म्हटलं तर बिघडलं कुठं?"

त्याच दुपारी अस्वलवहिनींचं बोलावणं आलं. लेक सासरी निघाली तर आपण केळवण करतो, हा तर आभाळात निघालाय, याला तसाच कसा पाठवायचा, असं वहिनींच्या मनात आलं. मन चांगलं होतं हो त्यांचं. पाट मांडला, रांगोळी काढली, पानात भोपळ्याचे घारगे आणि वर मधाची धार.

"वहिनी, वस्ताद म्हणतात, खाणं बेताचं हवं."

"वस्तादांना काय कळतंय? उपाशीपोटी कुणी आभाळात जातं का? चक्कर येईल बाबा. आणि माझा एक घारगा जड होणार होय तुझ्या यंत्राला?"

एक घारगा जड होणार नव्हता, हे खरंच होतं. सोपानच्या पोटात गोळा आला होता, त्यावर त्याने घारगा खाल्ला. मग वहिनींनी आग्रह केला म्हणून दुसरा. निघताना तिसरा हातावर ठेवला, तो वाटेत.

झालं! ही बातमी रानडुकरीणकाकूंना लागली. "अस्वलाकडे जेवता, मग आम्ही काय परके?" काकू रुसल्या. त्यांच्याकडे पुरणपोळी झाली. वानरांकडे शिकरण. तरसांकडे बासुंदी. सशांकडे गाजराचा हलवा, कारण त्यांना दुसरं काही येत नव्हतं. अप्पासाहेबांनी यादीच केली. एकूण तेवीस केळवणं निघाली, रोज दोन. त्यामुळे उड्डाण आठव्या दिवसावरून अठराव्या दिवसावर गेलं. पहाटेचा सरावही बंद पडला, कारण जडान्न खाऊन पहाटे उठवत नाही.

आता खरं सांगू का? सोपानलाही गोडी लागली. पहिल्यांदा कुणी 'शिखरवीर' म्हटलं तेव्हा त्याला लाज वाटली. दुसऱ्यांदा कमी वाटली. पाचव्या केळवणाला एका खारीने त्याला नुसतंच 'सोपान' म्हटलं, तर त्याला जरा खटकलं.

बाराव्या दिवशी घारमावशी आली. सोपान पाटावर बसून विडा चघळत होता.

"अक्काने ढोली सोडलीये," ती म्हणाली. "उघड्या फांदीवर येऊन पडलीये. आभाळ दिसावं म्हणून. तू कधी निघतोस?"

"अठराव्या दिवशी. समितीने ठरवलंय, मावशी."

"बहीण तुझी का समितीची?"

"असं काय बोलतेस! तेवीस घरांनी मायेने बोलावलंय. नाही कसं म्हणायचं?" सोपान म्हणाला. पण त्याला फार वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं, की संध्याकाळच्या केळवणाला त्याने बासुंदी एकच वाटी घेतली.

सोळाव्या दिवशी वस्तादाने पुन्हा दांडा टांगला. दांडा करकरला. सोपान सावकाश खाली आला आणि जमिनीला टेकला. धोंडा वर लोंबकळत राहिला.

वस्तादाचे सगळे काटे उभे राहिले. "अप्पासाहेब, हा आता कडा ओलांडणार नाही. जेवणं थांबवा."

अप्पासाहेबांनी दांड्याकडे पाहिलं. बराच विचार केला. मग म्हणाले, "धोंडा लहान आहे. मोठा आणा."

वानरांनी मोठा धोंडा आणला. तो बांधताच सोपान झर्रकन वर गेला. मांडवात टाळ्या पडल्या. वजनाची चाचणी उत्तीर्ण, अशी टिटवीबाईंनी तिथल्या तिथे घोषणा केली. वर लटकलेल्या सोपाननेही टाळ्या वाजवल्या.

अठरावा दिवस उजाडला. उड्डाण सूर्योदयाला व्हावं, नंतर ऊन तापतं आणि हवा उसळते, असं वस्ताद घसा फोडून सांगत होता. पण प्रमुख पाहुणे होते महाराज सिंह, आणि महाराज उठल्याशिवाय सकाळ होत नसते. महाराज उठले दहाच्या सुमारास. मग स्वागत झालं, प्रास्ताविक झालं. मानपत्राचं वाचन झालं, त्यात कड्यावरून जाताना सोपानच्या मनात काय विचार आले तेसुद्धा लिहिलं होतं. तेवीस घरांच्या तेवीस शाली त्याच्या अंगावर चढल्या. नारळ ठेवायला जागा उरेना, म्हणून टिटवीबाईंनी प्राणवायूचं नळकांडं सोडवून तिथे पाच नारळ बांधले. इंजिनाला लिंबू-मिरची लटकली. कापडावर अप्पासाहेबांचं नाव रंगवलेलं होतं, तो रंगच दोन बादल्या लागला होता.

सूर्य डोक्यावर आला. वस्तादाने पंखा सुरू केला. पंख्याने पहिल्या रांगेतल्या सशांच्या टोप्या उडवल्या.

सोपान पळाला. कापड फुगलं, वर चढलं. सोपान आणखी पळाला. त्याला अक्काची फांदी डोळ्यांसमोर दिसत होती, आणि त्या क्षणी त्याला खरोखर जायचं होतं. पाय जमिनीवरून सुटले! तो दीड हात वर गेला, करवंदीच्या जाळीवरून कसाबसा तरंगला आणि पलीकडच्या डबक्यात बसला. बदकन.



"उड्डाण यशस्वी!" टिटवीबाई किंचाळल्या.

"पण आभाळकडा?" एका सशाने विचारलं.

"गडी जमिनीवरून उठला का नाही? किती उठला हा तपशील झाला," अप्पासाहेब म्हणाले. "आणि आभाळकडा काय कुठे पळून जातोय?"

सोपानला डबक्यातूनच खांद्यावर घेतलं. ढोल वाजले. मिरवणूक वडापर्यंत गेली आणि फलकावर 'यशस्वी' एवढा शब्द वाढवला.

मिरवणूक पांगल्यावर वस्ताद हळूच त्याच्याजवळ आला. "सोपान, रडू नकोस. अजून दोन दिवस हवा आहे. शाली काढ, नारळ टाक, रंगाचं कापड फाड, माझ्याकडे जुनं आहे ते लावू. दोन दिवस निव्वळ पाण्यावर राहा. कुणाला बोलू नकोस. विसाव्या दिवशी पहाटे तू, मी आणि माळ. बेताबेताने जाशील तू, माझा शब्द."

सोपानने त्याचे पाय धरले. काटे टोचले तरी सोडेना. "जातो वस्ताद. अक्काची शपथ, पाणीसुद्धा मोजून पितो."

तो दिवस त्याने खरंच उपाशी काढला. पोटात कावळे ओरडत होते, पण मन हलकं होतं. एकोणिसाव्या दिवशी दुपारी अस्वलवहिनी दारात आल्या.

"भाऊजी, यशाचं जेवण आमच्याकडे. मांडे केलेत. तुमच्यासाठी पहाटेपासून चुलीपुढे आहे मी."

"वहिनी, आज नको."

"बरं," वहिनी म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा एवढासा झाला. "मोठे झालात तुम्ही आता."

सोपानच्या पोटात गोळा आला. तो वहिनींना नाही म्हणू शकला नाही, मुलांनो. मांडे खाल्ले. मांडे खाल्ल्याचं कळलं म्हणून संध्याकाळी काकूंकडेही खाल्लं. विसाव्या दिवशी पहाटे वस्ताद माळावर जुनं कापड अंथरून उभा होता. सोपान डाव्या कुशीवर घोरत होता. तो जागा झाला तेव्हा आभाळकडा दिसत नव्हता. धुकं उतरलं होतं.

मार्गशीर्षात सोपानचा मोठा सत्कार ठरला. महाराज आले, वेळेवर नाही, पण आले. सोपान व्यासपीठावर मधोमध बसला होता. तेवढ्यात धुक्यातून वाट काढत घारमावशी उतरली. ती व्यासपीठाच्या कडेला बसली आणि हळू आवाजात बोलली.

"अक्का गेली रे. शेवटपर्यंत त्या फांदीवर होती. मी दिसले की विचारायची, मागून कापड दिसतंय का गं. काल मी म्हटलं, दिसतंय. मग तिने डोळे मिटले."

सोपानच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पुढे बसलेल्यांना वाटलं, सत्काराने गहिवरला. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. टिटवीबाईंनी पुढे होऊन चोविसावी शाल त्याच्या खांद्यावर घातली, आणि सोपानने त्या शालीतच तोंड लपवलं.

तात्पर्य : मुलांनो, मायेने बोलावलं तर जेवायला कधी नाही म्हणू नये. समोरचा दुखावतो. पलीकडचा दुखावला, तर तो आपल्याला दिसत नाही. मध्ये डोंगर असतो.