राघो मेस्त्रींचा सरस

आमच्या रत्नागिरीत कुणाकडे गेलं की आधी पाणी देतात आणि वर गुळाचा खडा ठेवतात. राघो मेस्त्री हातात हातोडा देत. दुसऱ्या हातात सरसाने जोडलेली दोन फळकुटं देत आणि म्हणत, "मोडा."

पाहुणा बिचकत बिचकत घाव घाली. लाकूड फाटे, पण जोडलेली जागा जशीच्या तशी राही. मग मेस्त्री तो तुकडा उजेडात धरून म्हणत, "बघितलंत? लाकूड मेलं, सांधा जिता!" पाणी त्यानंतर येई. कचेरीतले कारकून, देवळातले गुरव, सोयरीक घेऊन आलेली माणसं, सगळ्यांनी हा घाव घातलेला होता. एक सोयरीक त्यामुळे मोडली असंही लोक म्हणत, पण मेस्त्रींना ते पटत नसे. "ती आधीच कच्ची जोडलेली होती," ते म्हणत.

सरस म्हणजे सुतारांचा डिंक, मात्र झाडाचा नव्हे तर गुरांच्या कातड्याचा. त्याच्या वड्या रात्रभर थंड पाण्यात भिजवायच्या, मग पाण्याच्या मोठ्या भांड्यात छोटा डबा ठेवून त्या हळूहळू विरघळू द्यायच्या. आमची आणि मेस्त्रींची भिंत एकच असल्यामुळे तो वास आमच्या भातालासुद्धा लागे. एका भटजींनी देव्हारा करायला सांगितला तेव्हा बजावलं, "राघोबा, देवाच्या कामात कातडं नको हो." मेस्त्रींनी सगळा देव्हारा लाकडी खुंट्यांवर उभा केला. देताना मात्र म्हणाले, "भटजी, तुमच्या कीर्तनातला मृदंग कशाचा असतो, तेवढं एकदा देवाला विचारून ठेवा."

आमच्या वाडीतला पहिला बी. ए. मी. ज्या मेजावर मी अभ्यास केला ते मेज मेस्त्रींनीच केलेलं. मागितलं आषाढात आणि मिळालं दिवाळीला. पावसाळी हवेत सांधा नीट सुकत नाही म्हणून चार महिने मी तांदळाच्या पोत्यावर वही ठेवून लिहीत होतो. पण त्या मेजाचे उपकार मी विसरणार नाही. पास झाल्यावर पेढे घेऊन गेलो, तर मेस्त्रींनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "बी. ए.च्या पुस्तकात सरस किती तापवायचा ते दिलंय काय?"

"नाही."

"मंग तीन वर्षं केलंत काय?"

त्यांचा सगळा जीव त्या तापवण्यात. डब्यात बोट बुडवायचं. बोटाला सोसवेल इतकाच ताव. "उकळायचा नाय, तापवायचा. उकळला की जोर मेला." हीच फूटपट्टी ते माणसांनाही लावत. चिडक्या माणसाला ते 'उकळलेला' म्हणत आणि मंद माणसाला 'भिजलाच नाय' म्हणत.

एकदा मेजाचा पाय निखळला. मी उत्साहाने चाकू घेऊन जुना सरस खरवडायला बसलो. मेस्त्रींनी चाकूच हिसकावून घेतला. "अहो बी. ए., जुना सरस ठेवायचा! गरम सरस लागला की तो परत जागा होतो आन् नव्याला धरतो. खरवडतो कोण? ज्याला ती फळी दुसऱ्या कामाला लावायची आहे तो."

मेस्त्रींचं कुणाशी वाकडं असेल तर ते एकट्या धाकट्या भावाशी, शिवरामशी. बारा वर्षांपूर्वी शिवरामने केलेला एक पाळणा पावसात सुटला. पोर त्यात नव्हतं, पण मेस्त्रींनी गिऱ्हाइकासमोर धाकट्याला 'उकळवणारा' म्हटलं. शिवराम वेगळा झाला. बापाने केलेली सागवानी पेटी एकच होती. दोघांनी ऊन पाण्याची फडकी लावून तिचे सांधे सोडवले आणि सहा फळ्यांतल्या तीन-तीन वाटून घेतल्या. मग शिवराम देवरूखला गेला. मेस्त्रींच्या तीन फळ्या माळ्यावर राहिल्या. त्यांच्याबद्दल विचारलं की मेस्त्री म्हणत, "असू दे. लागतील कधीतरी."

पुढे मला देवरूखच्या शाळेत नोकरी लागली. शिवराम मेस्त्रींचं दुकान बाजारातच होतं. मी गेलो, ओळख सांगितली. त्यांनी मला बसवलं, आत गेले, आणि बाहेर आले ते हातोडा घेऊन.

"मोडा," ते म्हणाले.

मला हसू आवरेना. ते मात्र गंभीरच होते. मी घाव घातल्यावर त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "दादा अजून मोडायला लावतो काय?"

सुट्टीत घरी आल्यावर मी हे सगळं राघो मेस्त्रींना सांगितलं. ते रंधा मारत होते. हातोड्याची गोष्ट ऐकूनही थांबले नाहीत. "माझंच चोरलं," एवढंच म्हणाले.

"आणि त्या तीन फळ्या त्यांनी भिंतीला लावून ठेवल्यात," मी म्हणालो. "दुकान कसं आरशासारखं आहे, पण फळ्यांच्या कडांना जुना सरस तसाच आहे. नखाएवढासुद्धा खरवडलेला नाही. एवढा नेटका माणूस, आणि—"

रंधा थांबला.

माझ्या तोंडून काय गेलं ते मलाही तेव्हाच उमगलं. मेस्त्रींनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला, परत घातला, परत काढला.

"कडांना म्हणालात? चारी बाजूंनी?"

"चारी बाजूंनी."

त्यांनी शिडी लावली आणि माळ्यावरून आपल्या फळ्या उतरवल्या. बारा वर्षांची धूळ पुसली. त्याही कडांवर जुना सरस होता, काळसर, मधासारखा, कुठेही चाकू न लागलेला. मग त्यांनी डबा घेतला, वड्या मोडून त्यात टाकल्या आणि वर थंड पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी मी परत जायला देवरूखच्या मोटारीपाशी पोचलो तर मेस्त्री आधीच हजर. अंगात धुतलेला कोट, काखेत सुंभाने बांधलेल्या तीन फळ्या, हातात झाकणाचा डबा. मोटारवाला डबा टपावर टाका म्हणत होता आणि मेस्त्री त्याचं ऐकत नव्हते.

"मेस्त्री," मी म्हणालो, "शिवरामकडे सरस असेलच की. हा कशाला वागवता?"

"असेल," ते म्हणाले. "पण तो उकळवतो."

आणि देवरूख येईपर्यंत दर वळणावर ते डब्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरून बसले होते.