कुंभारपेठेचे पाणी आणि नव्या आवृत्तीचे राज्यारोहण

श्रीकृपेने तळे भरावे, यंत्र बोलते असावे, आणि लिहिणाराचे हातून असत्य न घडावे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरे, आश्विन शुद्ध एकादशी, ते दिवशीचे वर्तमान ऐसे जे, प्रातःकाळी यंत्रशाळेच्या कारभारीण चिमाबाई कारखानीस यांणी पादत्राणे दाराबाहेर ठेविली, खिडकी उघडली, आदले दिवशीच्या दसऱ्याच्या पूजेतील झेंडूच्या पाकळ्या कळफलकावरून वेचिल्या, फटींत गेलेले हळदकुंकू कुंचल्याने झाडिले, उपवासाची खिचडी झाकून ठेविली आणि संगणक सुरू केला. रोज ते समयी संगणकाने तळ्याच्या पाण्याचे पेठवार वाटे काढावे आणि त्याबरहुकूम झडपा उघडाव्या, ऐसा राज्याचा शिरस्ता. पूर्वी झडपा हाताने उघडीत, तेव्हा वरल्या पेठा अंगणे धूत आणि शेवटल्या कुंभारपेठेत घागर भरेना. म्हणोन चिमाबाईंनी हा हिशेब खपून रचिला होता.

परंतु हिशेब ज्या संगणकभाषेत लिहिला, तिची नवी आवृत्ती दिवाणसाहेबांनी दसऱ्याचे मुहूर्ती स्थापिली, आणि नवा धनी गादीवर बसला म्हणजे जुन्याने वाड्यात राहू नये या राजरीतीस अनुसरून जुनी आवृत्ती समूळ पुसविली, आणि तशी दवंडीही पिटविली. सबब आज संगणकाने वाटे न काढिता लाल अक्षरी तक्रार मांडिली की, हिशेबाचे मदतीस येणारी पथके, म्हणजे तयार हुकुमांचे संच, सापडत नाहीत. मग सहायक बापूजी शेजवळ यांणी नवी पथके मागवून बसविली, तों दुसरी तक्रार उठली की, पथके आली, परंतु जुने हुकूम त्यांस उमगत नाहीत.

"बाई, ही नवी राणीसाहेब भारीच मानी दिसते," बापूजी बोलिले. "हाक मारावी तर ओ देईना."

"मानी कसली, नवखी आहे. काल उंबरा ओलांडला, आणि आज तिने घरातल्या साऱ्या चालीरीती ओळखाव्या?"

मग बापूजींनी युक्ती योजिली, आणि हिशेबात कलम घातले की, जेथे तक्रार उठेल तेथे संगणकाने मौन धरून पुढे जावे. तत्काळ लाल अक्षरे नाहीशी जाहली आणि वाट्यांचा तक्ता प्रकट जाहला, आणि दिवाणसाहेब दारातूनच "शाबास! सोडा झडपा!" ऐसे वदते जाहले. चिमाबाईंनी मात्र तक्ता शेवटपावेतो वाचिला.

"थांबावे, सरकार. कुंभारपेठेपुढे शून्य आहे. जिथे हिशेब अडला, तिथेच हा गप्प बसला."

"एक दिवस दम धरतील, बाई. सणाचा शिणवटा आहे," दिवाणसाहेब बोलिले.

"पणत्यांची माती कालवून बसले आहेत ते. ती आज वाळली, तर दिवाळीस त्यांनी काय विकावे? तक्रार दिसत होती तोवर चूक तरी कळत होती. आता आपण तिचे तोंड बांधिले."

दिवाणसाहेबांनी मिशीवरून हात फिरविला. मग चिमाबाईंनी आपला निश्चय सांगितला: "जुनीस परत आणिते. नवीची गादी नवीस, परंतु शेजारी निराळी खोली देऊन जुनीस तेथे बसविते. हिशेब नव्या बोलीत नीट उतरेतोवर तिने राहावे."

"आणि आमची दवंडी?"

"दवंडीत खोल्यांविषयी काही नव्हते, सरकार."

दिवाणसाहेब मोठ्याने हसले. "आम्ही फराळास जातो. आम्ही काही पाहिले नाही. बापूजी, तुम्हीही पाहिले नाही!"

"मी तर मौनाचे कलमच लिहिले आहे, सरकार."

ते चिमाबाईंनी आधी खोडिले. मग जुनी आवृत्ती मागवून निराळ्या खोलीत बसविली, तिची जुनी पथके तिचेजवळ ठेविली, आणि हिशेब चालविला. शून्याचे जागी वाटा आला. तो त्यांणी मागील सप्ताहाच्या वाट्यांशी ताडून पाहिला, आणि मग, कोणास न पुकारिता, कुंभारपेठेची झडप उघडली.

येणेप्रमाणे एका संगणकात दोन आवृत्त्या सुखाने नांदू लागल्या. नवी दवंडी फिरली नाही, कोणास मानवस्त्र मिळाले नाही, पेठेस पाणी पोहोचले. इतके घडले, इतके लिहिले.