सर्जेरावाच्या बारा गाड्या

"मागून कुणी बोटबी लावायचं न्हाई! बाराच्या बारा गाड्या मी एकटा ओढतो!"

सर्जेराव चावडीवर छाती ठोकून बोलला खरा, पण घरी येईपर्यंत पस्तावला. दुष्काळानं दोन वर्षं बंद पडलेली खंडोबाची जत्रा यंदा भरत होती. एकाला एक बांधलेल्या, माणसांनी गच्च भरलेल्या बारा बैलगाड्या देवळापुढच्या गायरानात ओढायचा मान यंदा त्याचा. दरसाल दहा-पाच जण मागून हळूच ढकलतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक! पण यंदा पिंपळगावाहून सासरे, साहेबराव, बघायला येणार होते. लग्नात भर मांडवात "पोरगं जरा वाळकंच हाये" म्हणालेला हा माणूस! बारा वर्षं ते वाक्य सर्जेरावाला सलत होतं.

त्यानं दोस्ताला, कडूबाला, गोठ्यामागं गाठलं. "कुणाला बोलू नको. चार गडी घे अन् मागून जरा रेटा दे."

"बिलकुल! खंडोबाची आण!"

इकडे बायकोला, द्वारकाबाईला, नवऱ्याची ताकद बराबर माहीत. तिनं भावाला बाजूला घेतलं. "तुझ्या दाजीची इज्जत तुझ्या हातात हाये बघ." भावानं तालमीतले सहा पैलवान आणले. कडूबाच्या चार गड्यांनी आपापले भाऊबंद सांगून ठेवले. सगळ्यांनी देवाची आण घेतली, कुणाला सांगायचं न्हाई!

"येळकोट येळकोट, जय मल्हार!" भंडारा उधळला. सर्जेरावानं कमरेचा दोर ताणला, डोळे मिटले आणि गाड्या सुटल्या! पहिल्या दहा पावलांत त्याला वाटलं, देवच पावला. अकराव्या पावलाला पहिल्या गाडीचं जू पाठीला टेकलं!

मंग काय, सर्जेराव पुढं अन् बारा गाड्या मागं! "थांबवा रे! मेलो!" तो बोंबलत होता. लोकांना वाटलं, अंगात वारं आलंय. त्यांनी आणखी जोर लावला. गाड्या थांबवायच्या खुणेचा लिंब मागं गेला, जत्रेतला पाळणा मागं गेला, आणि सर्जेराव दुकान मांडून बसलेल्या गिरिजाबाईच्या मुरमुऱ्यांच्या ढिगात डोक्यापर्यंत घुसला. तिची बाज चाकाखाली आली, तेव्हा कुठं गाड्या थांबल्या.

बाहेर काढला तर कानातून मुरमुरे गळत होते. पण गर्दीतून साहेबराव आले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं जावयाला फेटा बांधला. सर्जेरावाचे डोळे भरून आले. बारा वर्षांनी!

शेवटचा पदर खोचताना सासऱ्यांनी त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"जावईबापू, कुणाला बोलू नका. पण शेवटच्या गाडीला जरा मीबी हात लावल्ता."